निम्म्या मापाचा बार

१४ सप्टेंबर २०२५, रविवार

नळीत तेलाची चिंधी फिरवली. गंज न्हाई! पावसानं सगळं घर ओलं झालंय, कपाटातल्या साड्यांना वास यायलाय, पण रफल कोरडी ठणठणीत. पणजोबांची ठासणीची रफल, निजामाच्या काळातली. तोंडाकडून दारू भरायची, वरून चिंधी ठासायची, घोड्याखाली ठिणगीची टोपी बसवायची आणि बार काढायचा. गोळी न्हाई, नुसता आवाज. वर्षातून तीनच बार — दसऱ्याला पालखी गावची शीव ओलांडते तेव्हा. तो मान आमच्या घराचा. अप्पांचा खांदा मोडला तेव्हापासून सात वर्षं बार मी काढते.

निम्म्या मापाचे. बिदरच्या कारागिरानं अप्पांना सांगितलं होतं, नळीचा धातू पातळ झालाय, पूर्ण दारू भराल तर फुटंल. मग अप्पांनी दारू मोजायच्या पितळी मापाच्या आत खिळ्यानं रेघ मारून दिली. "ह्याच्या वर एक कण न्हाई, पल्लवी. रफल ऱ्हायली पायजे." ऱ्हायली की! एकदाही मी ती रेघ ओलांडली न्हाई. आवाज बेताचाच निघतो. मल्लप्पा पुजारी दरवर्षी पालखीपुढं सगळ्यांच्या देखत विचारतात, "काय टीचर, टिकली फोडलात का?" लोक हसतात. पहिली दोन वर्षं घरी येऊन रडले होते. आता न्हाई. हसू देत त्यांना, नळी शाबूत हाय.

१७ सप्टेंबर, बुधवार

शाळेत मुक्तिदिनाचं झेंडावंदन, तीन भाषणं, एकेक बुंदीचा लाडू. घरी आले तर माय खुशीत. हरिओम हैदराबादहून दसऱ्याला यायलाय, तेही आठ दिवस आधी. मागच्या पाच वर्षांत एका दसऱ्याला फिरकला न्हाई माझा भाऊ!

२१ सप्टेंबर, रविवार

आज लिहू नये वाटायलंय. तरी लिहिते.

अप्पांना कन्नड वाचता येत न्हाई. मराठी आणि थोडी उर्दू, बस. कन्नड कागद आला की "पल्लवी, वाच" — तिसरीत होते तेव्हापासून हे काम माझं. आज बसवकल्याणहून टाइप करून आणलेला कागद त्यांनी पुढं केला. "नावं बरोबर हायेत का तेवढं बघ." मी नेहमीसारखी मोठ्यानं वाचायला लागले, ओळीओळीचं मराठी करत. अंकुशराव यांच्या परवान्यावरची वडिलोपार्जित बंदूक... ती मुलगा हरिओम याच्या नावे करावी... आणि मी, अंकुशराव यांची मुलगी पल्लवी, वय छत्तीस, माझी याला कसलीही हरकत नाही.

माझ्याच तोंडानं वाचलं!

मी थांबले. अप्पा म्हणाले, "नाव बरोबर हाय ना?"

"नाव बरोबर हाय."

"मग खाली सही कर."

"आणि दसऱ्याचा बार?"

"औंदापासनं हरिओम काढंल. पंचांना सांगितलंय."

पंचांना सांगितलंय! मल्लप्पाला ठाऊक, सगळ्या गावाला ठाऊक, आणि जिनं सात वर्षं तेल-चिंधी केली तिला कागदातून कळायलंय. आतून माय म्हणते, "उद्या तू लग्न करून गेलीस म्हंजे?" मी छत्तीसची. कुठं जायलेय मी! मुडबीची शाळा आणि हे घर, एवढंच माझं येणं-जाणं. कागद तिथंच टाकून उठले. जेवले न्हाई.

मी रफल जपत होते की हरिओमची अमानत जपत होते? राखणदारीण! ठेवायची मी, मिरवायचं त्यानं.

२२ सप्टेंबर, सोमवार

घट बसले. सही केली न्हाई. अप्पांशी बोलले न्हाई.

२५ सप्टेंबर, गुरुवार

हरिओम आला. माझ्यासाठी ड्रेस आणला, एक माप मोठा. दुपारी हळूच म्हणाला, "अक्का, मला ह्यातलं काय बी येत न्हाई गं. अप्पांनी रोज फोन करून डोकं खाल्लं, म्हणून आलो. तू रागावलीस व्हय?" ह्याच्यावर रागवावं तरी कसं! टोपी कुठं बसवायची तेसुद्धा त्याला मी दाखवलं. चिंधी ठासताना गज वाकडा धरत होता. दोनदा ओरडले.

पण अंगणात बसून अप्पा त्याच्याकडं ज्या नजरेनं बघत होते ना — माझ्याकडं कधी बघितलं न्हाई तसं. ते मात्र गिळवंना.

३० सप्टेंबर, मंगळवार

सही केली.

सकाळी अप्पा स्वतः चहा घेऊन आले. आयुष्यात पहिल्यांदा! म्हणाले, "तू शहाणी हायस. पोरगं बाहेरगावी ऱ्हातंय, एवढ्या एका मानानं तरी गावाला बांधून ऱ्हाईल." शहाणी म्हणलं की माझा हात हलतो, हे त्यांना पक्कं ठाऊक हाय. पेनही त्यांनीच उघडून दिला. सही झाल्यावर कागद फुंकर मारून वाळवला आणि गेले. अर्धा चहा तसाच.

मला फसवलं. दुसरा शब्द न्हाई.

१ ऑक्टोबर, बुधवार

खंडेनवमी. विळे, खुरपी, ट्रॅक्टर, रफल — सगळं धुऊन पुजायला काढलं. हरिओम चिंचेनं ते पितळी माप घासत बसला होता. आत बोट घालून म्हणाला, "अक्का, ही रेघ कसली?"

म्हंजे अप्पांनी त्याला सांगितलंच न्हाई!

आणि मी काय म्हणाले? "कोण जाणे. जुनं भांडं हाय, पडली असंल."

तोंडातून निघून गेलं. निघून गेलं कशाला म्हणू, मी म्हणाले. मुद्दाम म्हणाले. उद्या पूर्ण माप भरू दे, कळू दे बापलेकाला रफल कशानं टिकली ती! तेवढ्यापुरतं बरं वाटलं. पण नळी फुटली की आधी हात जातो, मग डोळे. आणि हा माझ्या कडेवर वाढलेला. माय शेतात जायची तेव्हा ह्याला मीच भरवायचे.

अप्पा सांगतीलच. लेकाच्या जिवाची गोष्ट हाय, कशी विसरतील?

२ ऑक्टोबर, गुरुवार

न्हाई सांगितलं अप्पांनी. शिवेवर पालखी थांबली. हलगी वाजायली होती. मी बायकांत उभी. हरिओमनं डब्यातून दारू ओतली, मापाच्या काठापर्यंत. मी बायकांना ढकलत पुढं गेले आणि त्याचं मनगट धरलं. "निम्मी काढ! नळी फुटंल!"

हलगी बंद. सगळं गाव बघायलंय. मल्लप्पा म्हणाले, "येन टीचर, काय झालं?" हरिओमचा चेहरा उतरला. "काल तर म्हणालीस..." "काल खोटं बोलले मी! ती रेघ निम्म्याची हाय. तिच्यावर भरायची न्हाई." केवढी लाज वाटली सांगू! पण सांगितलं.

त्यानं अप्पांकडं बघितलं. अप्पा जमिनीकडं बघत म्हणाले, "भर पूर्ण. काय होत न्हाई."

"अप्पा, कारागिरानं सांगितलंय ना —"

"पल्लवी, बाजूला सर."

मायनं मला ओढलं. मी डोळे मिटून, कानांवर हात ठेवून उभी. तरी आवाज छातीत बसला. बाभळीवरचे सगळे बगळे उठले. डोळे उघडले — हरिओम उभा, दोन्ही हात जागेवर, हसायलाय! दुसरा बार. तिसरा. तिन्ही काठोकाठ मापाचे. गाव नुसतं नाचायलं होतं. मल्लप्पा ओरडले, "ह्याला म्हणायचं बार!" मग वळून माझ्या हातावर दसऱ्याचं सोनं, बन्नीची पानं ठेवली. "बन्नी तगोरी, टीचर." मी घेतली.

रफल माझ्या हातानं पुसली. बोटानं चाचपली, टॉर्च लावून आतून बघितली. एक चीर न्हाई.

नशीब म्हणायचं? तीनदा?

३ ऑक्टोबर, शुक्रवार

हरिओम सकाळच्या बसनं गेला. मग अप्पांना विचारलं, "कारागिरानं नेमकं काय सांगितलं होतं?"

त्यांनी पितळी माप फडक्यात गुंडाळून ठेवलं. मग म्हणाले, "रफल मी कुणालाच दाखवली न्हवती. नळीला काय बी झालेलं न्हाई. तुझ्या पहिल्या वर्षी पंच म्हणायले होते, पोरीचा बार दणकून झाला तर मान कायमचा तिच्याच नावानं करू. मग हरिओमला काय ऱ्हायलं असतं?"