जोखीम

ती. आईस,

वाकून नमस्कार. कंबर धरली आहे, तरी वाकलो.

मी बरा आहे. जेवण वेळेवर होतं. खोलीला खिडकी आहे, समोर दुसऱ्याची भिंत.

विम्याच्या ऑफिसात दिवसभर करतोस काय, असं तू विचारलंस. कोणाला काय होण्याचा संभव किती, ते बघून हप्त्याचा दर ठरवतो. इथे माणसालाच जोखीम म्हणतात. मला ते अजून चमत्कारिक वाटतं. प्रवासात तू सोन्याच्या बांगड्या रुमालात बांधून माझ्या मुठीत द्यायचीस आणि बजावायचीस, "जोखीम आहे, सोडू नकोस."

या आठवड्यात सत्तरीपुढच्या, एकट्या राहणाऱ्यांचा दर माझ्याकडे होता. मी तो बराच चढा लावला.

साहेब म्हणाले, "अहो, एवढ्या दराने फक्त पडणारेच विमा घेतील. धडधाकट कोण येईल?"

"कमी होत नाही, साहेब. जिन्याला कठडा नाही."

"कुठल्या जिन्याला?"

मी आकडे पुन्हा मांडू लागलो. ते हसले नाहीत. "दर सगळ्यांचा मिळून असतो, एकाचा नसतो," एवढंच म्हणाले. त्यांचं बरोबर होतं. मी दर उतरवला. फार थकवा आला.

सुतार येऊन गेला का? गुडघा कसा आहे? शेजारच्या काकू हाक मारतात ना?

रजा मागितली आहे. मिळाली की कठडा मीच बसवीन. तोवर भिंतीला धरून उतर. जोखीम आहे, सोडू नकोस.

तुझा,
धाकटा