झऱ्याची नळी, विहिरीची नळी

४ मार्च

निकाल उलटाच आला! डोंगरातल्या गरम झऱ्याच्या पाण्यात काही विशेष नाही. आणि केवळ तुलनेसाठी आणलेल्या आमच्या घरच्या विहिरीच्या पाण्यात हलक्या हेलियमचं, हेलियम-३चं, प्रमाण हवेतल्यापेक्षा सहापट! पृथ्वी जन्मली तेव्हाचा वायू हा, थेट कवचाखालच्या प्रावरणातून वर येतो. एकटा येत नाही — कार्बन डायऑक्साइड सोबत आणतो.

प्रयोगशाळेतले सर हसले. "अगं, नळ्यांची अदलाबदल केलीस! विहिरीतून कधी पाताळ वर आलंय का?"

दोन्ही नळ्या तांब्याच्या, सारख्याच. चिठ्ठ्या मी जागेवर चिकटवल्या नाहीत, परत आल्यावर चिकटवल्या. म्हणजे चूक माझीच असणार. आणखी कुणाची?

५ मार्च

चिठ्ठ्या बदलल्या. अहवाल गेला — झरा धोक्याचा.

७ मार्च

मन थाऱ्यावर नाही. शाळेच्या आधी मला बाबांनीच शिकवलं, त्यांच्या ओतशाळेत. वितळलेल्या लोखंडावर मळी तरंगायची, बुडबुडे फुटायचे. "बघ, हलकं ते वर येतं. आपली जमीन ही मळी, आणि आभाळ म्हणजे बुडबुड्यातला वायू."

इतकं सोपं नाही, हे पुढे कळलं. खंड व्हायला खडक पाण्यासकट पुन्हा पुन्हा वितळावा लागतो. ऑक्सिजन तर फार उशिराचा. त्या पहिल्या हवेत माणूस टिकलाच नसता. आणि ती हवा संपलेली नाही! खाली आहे. वाट सापडली की वर येते, जड असते, खोलगट जागी साचून राहते. वासही नाही.

८ मार्च

झऱ्याजवळची घरं रिकामी केली. दादाचंही. "चिमणे, तुझ्या एका नळीपायी माझा संसार टेम्पोत!" तो, वहिनी आणि दोघी भाच्या आमच्या विहिरीच्या घरी, आईकडे गेले. आई खूश — "पोरींना तळघरात झोपवते, छान गार असतं." माझा जीव भांड्यात पडला.

११ मार्च

अंदाजानं चिठ्ठ्या बदलल्या, हे खुपतंय. सरांना न विचारता दादाकडून विहिरीची नवी नळी मागवली. या वेळी चिठ्ठी जागेवरच. "आता विहीरही हलवायची का?" फोनवर म्हणाला.

वहिनी मागून ओरडली, "पोरी सकाळी उठतच नाहीत हो, आळशी झाल्यात आजीकडे!"

१३ मार्च

नव्या नळीतही सहापट. अदलाबदल झालीच नव्हती.

धड जागेवरून उचलून मी त्यांना तिथं, त्या तळघरात नेऊन ठेवलंय. घरी फोन वाजतोय. कुणी उचलत नाही.