एकटीचा तास

४ ऑगस्ट २०२५, सोमवार

आज पण मी एकटीच! मागच्या आठवड्यापर्यंत अर्पिता तरी होती. ती पोलीस भरतीच्या क्लासला जालन्याला गेली. बी. ए. तिसऱ्या वर्षाच्या हजेरीत नावं मोप, पण अर्थशास्त्राच्या वर्गात मी आन् भुजंग सर. बस. सर सवयीनं म्हणले, "सगळ्यांनी लिहून घ्या." मंग त्यांचं त्यांनाच हसू आलं. मी लिहून घेतलं.

रोज मराठीत लिहायचं हे पण सरांनीच सांगितलं. माझी दहावीपर्यंत उर्दू शाळा, पेपर मराठीत — हात बसायला पाहिजे. घरात मराठी कुणी वाचत न्हाई. बरंच हाय.

६ ऑगस्ट

सर दार सताड उघडं ठेवतात. खिडक्या पण. स्वतः उंबऱ्याजवळ उभे राहून शिकवतात, निम्मे व्हरांड्यात. का, ते आज कळलं. पप्पू शिपाई जाता जाता म्हणला, "खासगी शिकवणी का सर?" सर फळ्याकडं वळले. माझे कान तापले. पुढचं काहीच डोक्यात शिरलं न्हाई.

८ ऑगस्ट

सर तासिका तत्त्वावर. तास झाला तर पगार. प्राचार्यांनी त्यांना बजावलं — वर्गात पोरं दिसली न्हाईत तर पुढच्या वर्षी विषयच बंद. "तुम्ही येता म्हणून तास होतो," सर म्हणले. मला कशाला सांगितलं! आता आजारी पडायची पण भीती.

११ ऑगस्ट

व्हायचं ते झालं. आमच्या केदारखेड्याच्या स्टँडवर रिजवानभाईला कुणीतरी बोललं — "तेरी बहन और एक सर, बाकी क्लास खाली!" भाई तसाच घरी आल्ता, चप्पल न काढता. अब्बा मोटारीची वाइंडिंग भरून राह्यले होते. हात थांबले न्हाईत, पण मान पण वर केली न्हाई. मला त्याचीच जास्त भीती वाटली.

भाई म्हणला, "परीक्षेपुरती जा ना. सगळे तसंच करतात."

खरं हाय. आमच्याच वर्गातल्या शालूनं मागचं वर्षभर कॉलेज पाहिलं न्हाई आन् फर्स्ट क्लास! पण गाईडमधी उत्तर असतं, ते कशामुळं ते नसतं. सरांनी पिंपळगाव रेणुकाईच्या मिरची बाजारावरून पूर्ण स्पर्धा समजावली, तव्हा पहिल्यांदा वाटलं — अरे, हे तर मला येतं! मला एम. ए. करायचंय. हे सांगू कुणाला?

अम्मी भाकरी थापत राह्यली.

१२ ऑगस्ट

घरीच.

१३ ऑगस्ट

घरीच. शालूला फोन केला, माझ्यासंगं चल ना. "पागल झाली का? गाईड हाय ना!" सर वाट पाहून गेले असतील का? का तास बंदच पडला? जेवण जाईना.

१८ ऑगस्ट, सोमवार

सकाळी पाहते तर अम्मी बुरखा घालून तयार. "चल. मैं बैठती क्लास में." मला वाटलं मस्करी. पण बराबर एसटीत येऊन बसली.

वर्गात शेवटचा बाक पकडला. सर गडबडले, "बसा, बसा," म्हणले — ती तर बसलेलीच! पिशवीतून लसूण काढला आन् सोलायला लागली. टरफलांचा आवाज पूर्ण वर्गात. व्हरांड्यात पोरं जमा झाली. मला वाटलं, जमीन फाटावी. पण सर आज उंबरा सोडून फळ्यापाशी गेले. किती दिवसांनी!

२० ऑगस्ट

महागाई कशी मोजतात ते शिकवलं. ठरलेल्या चीजा घ्यायच्या, त्यांचे भाव विचारायचे, आधीच्या भावाशी ताडायचे. मागून आवाज आला — "भाव विचारायला येतंय कोण? आमच्याकडं तर कधी कुणी आलं न्हाई."

अम्मी! मराठीत! मी वळूनच पाहिलं न्हाई, लाजेनं. सरांनी मात्र खडू खाली ठेवला. मंग म्हणले, "या वर्गात वर्षभरात हा पहिला प्रश्न." उरलेला तास त्यावरच गेला. कोणती गावं, कोणती दुकानं, कशी निवडतात. अम्मीनं लसूण बाजूला ठेवल्ता.

२२ ऑगस्ट

प्राचार्य स्वतः आले. "या कोण?" सर म्हणले, "फरहानाच्या आई." "हजेरीत नाव न्हाई, मंग मोजू कशात?" सरांना बाहेर बोलावलं. सर परत आले आन् तास निम्म्यातच सोडला.

घरी भाई वेगळाच तापला. स्टँडवर आता अम्मीला हसून राह्यलेत. "बुढ्ढी कॉलेजवाली" म्हणतात. मी अम्मीला म्हणलं, बस झालं, राहू दे. मी पण न्हाई जात. तिनं माझ्याकडं वळून पाहिलं.

"तेरे वास्ते आतूं, ऐसा कौन बोला?"

२५ ऑगस्ट

ते वाक्य डोक्यातून जाईना. अब्बांना विचारलं, अम्मी किती शिकली? "सातवी में थी. शादी हुई." इतकंच. आन् तार गुंडाळायला लागले.

२६ ऑगस्ट

सरांनी आम्हा दोघींना सांगितलं, प्राचार्य महिनाअखेरपर्यंत रोज पाहणार, वर्गात कुणी ना कुणी बसलेलं दिसायला पाहिजे. एक पण दिवस चुकवू नका. अंगात कणकण हाय. कुणाला सांगितलं न्हाई.

२८ ऑगस्ट

ताप. उठायला गेले तर डोळ्यापुढं अंधारी. एसटीची वेळ निघून गेल्ती. रडत अम्मीला हाक मारली. अब्बा आत आले.

"कॉलेज को गई."

"अकेली?"

"अकेली."