तांबोशी गाडी आणि भिंतीतले भोक

मी, श्रीमती मथुरा विठोबा तारी, वय वर्षे ६६, धंदा पूर्वी मासे विकणे व जाळी शिवणे, हल्ली छोट्या मोटारी बनवणे व पळवणे, राहणार देवगड, जिल्हा सिंधुदुर्ग, हे मृत्युपत्र राजीखुशीने लिहून ठेवते. माझे डोके ठिकाणावर आहे. डॉ. दिव्या यांनी आज सकाळी नाडी पाहिली व ती जरा जोरात असल्याचे सांगितले. उद्या नारळी पौर्णिमेची शर्यत आहे, म्हणून ती जोरात आहे. माझ्यावर कोणाची जबरदस्ती नाही. माझी जाऊ तुळसा दारात उभी राहून सगळे ऐकते आहे, पण ती तिची सवय आहे.

लेखन कणकवलीच्या वकील अक्षदाबाई यांनी केले. कायद्याचे शब्द त्यांचे, बाकीचे माझे.

१. माझ्या वाटणीचे अर्धे घर, म्हणजे दोन खोल्या, पुढची पडवी व विहिरीवरील निम्मा हक्क, माझा एकुलता मुलगा सिद्धेश यास मिळावा. तो मुंबईत असतो. त्याला इथे पर्यटकांसाठी खोल्या बांधायच्या आहेत. खुशाल बांधाव्यात. मात्र मधल्या भिंतीला त्याने हात लावायचा नाही. कारण पुढे येईल.

२. बँकेतील ठेव सिद्धेश व सून तन्वी यांनी निम्मी निम्मी घ्यावी, भांडू नये. भांडण काय असते ते मी सांगते. १९८७ साली माझे यजमान व धाकटे दीर महादू भावजी यांची वाटणी झाली. पंचांनी ती इतकी काटेकोर केली की पाटा माझ्याकडे आला आणि वरवंटा तुळसाकडे गेला. ती पाटा मागायला आली नाही, मी वरवंटा मागायला गेले नाही. मधे चिऱ्यांची भिंत उभी राहिली. अकरा वर्षे आम्ही दोघी बोललो नाही. माझे यजमान गेले तेव्हा ती आली, रडली, सगळा स्वयंपाक केला, आणि न बोलताच परत गेली. हा पाटा आता तुळसास द्यावा.

३. माझा भाऊ शिवा बोटीवर खलाशी होता. १९९८ साली तो अमेरिकेकडे निघाला तेव्हा मी त्याला मिक्सर आणायला सांगितला. त्याने आणला एक खोका. आत दोन गाड्या, बोटाएवढ्या लांब, आणि त्या पळवायला तुकडे जोडून करायचा काळा रस्ता. साठ-सत्तर सालच्या अमेरिकन दांडग्या मोटारींच्या प्रतिकृती, लांब नाक, रुंद मागची चाके. एक लाल मस्टँग, एक निळी कमारो.

"ह्यो मिक्सर?" मी विचारले.

"आक्का, मिक्सरापेक्षा जोरात फिरता," शिवा म्हणाला.

मी त्याच्याशी दोन दिवस बोलले नाही. तिसऱ्या दिवशी गाडी लावून पाहिली. चौथ्या दिवशी माझा भात करपला. त्या मिक्सरची माझी मागणी मी या कलमाद्वारे सोडून देत आहे. शिवाने निर्धास्त राहावे.

ज्यांनी पाहिले नाही त्यांच्यासाठी लिहून ठेवते. रस्त्याच्या मधोमध एक चरी असते. गाडीच्या नाकाखालची जीभ त्या चरीत बसते. जिभेला तांब्याच्या दोन वेण्या असतात, त्या रस्त्यावरच्या पट्ट्यांना घासल्या की मोटरीला वीज मिळते. हातात चाप असतो. चाप दाबावा तितका वेग. वळणावर सोडला नाही, तर गाडी उडून जाते. शिकवण्यासारखे एवढेच. बाकी सगळे वळणच शिकवते.

४. आता भिंत. पावसाळ्यात मासेमारी बंद असते, त्यामुळे मी दिवसभर गाडी पळवत होते. पलीकडे आवाज जात होता. एका दुपारी तुळसाचा पहिला शब्द अकरा वर्षांनी भिंतीवरून आला:

"मिक्सर इतको वेळ कित्याक फिरवतंस गो? सगळ्या गावाचा वाटप वाटतंस काय?"

गाडीची घरघर तिला मसाल्याच्या वाटणाची वाटली होती. मला हसू आवरेना. ती रागाने तणतणत दारात आली. मी तिच्या हातात चाप दिला. पहिल्याच वळणावर तिची निळी गाडी उडाली आणि पेजेच्या टोपात पडली. तिने ती बाहेर काढली, पदराने पुसली, फुंकर मारली आणि म्हणाली, "परत लाव." संध्याकाळपर्यंत ती मला दोनदा हरवून गेली. मी तिला भाकरी वाढली. पाट्याचा विषय दोघींनीही काढला नाही.

माझी खोली लहान. सरळ रस्ता सुरू होतो तोच संपतो. दुसऱ्या वर्षी तुळसा म्हणाली, "रस्तो आमच्याकडसून फिरवून हाड." म्हणजे रस्ता तिच्या घरातून फिरवून आणायचा. पण मधे भिंत. महादू भावजींनी पहार आणली आणि दोन चिरे काढले. त्या भोकातून त्यांनी पहिल्यांदा डोके घातले तेव्हा म्हणाले, "वयनी, चाय आसा काय?" तेव्हापासून आमचा रस्ता माझ्या पडवीतून निघतो, भोकातून तिच्या माजघरात जातो, तिच्या उतरंडीला वळसा घालतो आणि परत येतो. अर्धी शर्यत आपल्या गाडीचा नुसता आवाज ऐकत खेळावी लागते. त्याची मजा काही वेगळीच.

सिद्धेशला भोक बुजवायचे आहे, पाहुण्यांना बरे दिसत नाही म्हणतो. म्हणून लिहिते: घर सिद्धेशचे, भोक तुळसाचे.

अक्षदाबाई म्हणाल्या, "मावशी, भोक मृत्युपत्राने देता येत नाही. भोक म्हणजे काहीच नसतं."

मी म्हटले, "मग नसलेल्या वस्तूवर मुलाचा तरी हक्क कसा?"

त्यांनी बराच विचार केला आणि लिहिले: तुळसा महादू तारी यांस सदर भिंतीतून दोन इंच उंचीपर्यंतच्या वाहनांची ये-जा करण्याचा वहिवाटीचा हक्क राहील.

५. यजमान विजेच्या मोटरींची तार गुंडाळायचे काम करत. त्यांचे गुंडाळणीचे यंत्र, तारेची रिळे, पकडी व तारा झाळायची डागणी सून तन्वीस द्यावी. आणलेल्या गाड्या झिजल्या, तेव्हा मी याच हत्यारांवर स्वतः गाड्या बनवायला शिकले. मोडक्या टेपरेकॉर्डरची मोटर काढायची, तार उलगडून नव्याने गुंडाळायची. जाळी शिवलेल्या बोटांना ते कठीण नाही. अंग पांगाऱ्याच्या लाकडाचे, आतून पोखरलेले, वर होडीचा रंग. वळणावर उडू नये म्हणून पोटाला जाळ्याचे शिसे. अशा एकूण एकवीस गाड्या झाल्या, बहुतेक झिजल्या किंवा पोरांना वाटल्या. तन्वी दर रविवारी फोन करते आणि तब्येतीच्या आधी फेरीचा वेळ विचारते, म्हणून हत्यारे तिला. सिद्धेश तब्येत आधी विचारतो. तोही चांगला मुलगा आहे.

६. सन २००६ च्या नारळी पौर्णिमेच्या शर्यतीची तक्रार. शेवटच्या फेरीत तुळसा पुढे होती. चाकांची पकड वाढावी म्हणून तिने टायरना चोरून तारली माशांचे तेल लावले होते. भोकातून गाडी बाहेर येताच तिचेच मांजर गाडीवर झेपावले आणि गाडी तोंडात धरून माडावर चढले. माझी गाडी शांतपणे रेघ ओलांडून गेली. तुळसा आजतागायत म्हणते की मांजर माझ्या सांगण्यावरून आले. तर मी येथे शपथेवर लिहून देते: मांजराला मी शिकवले नव्हते. मात्र तेलाचा वास मला सकाळीच आला होता आणि मी मांजराला उपाशी ठेवले होते. २००६ ची शर्यत तुळसा जिंकली असे धरावे.

(हे वाचून दाखवल्यावर तुळसा आत आली व चार वर्षांचे शब्द एकदम बोलली. ते येथे लिहिलेले नाहीत.)

७. माझी सर्वांत चांगली गाडी तांबोशी, त्या लाल माशाच्या नावाची, लाल मस्टँगच्या घाटाची, मी तीन पावसाळे खपून बनवलेली, जी आजवर मी कोणाच्या हातात दिली नाही, ती माझ्या पश्चात तुळसास द्यावी.

येथे तुळसाने हरकत घेतली. तिचे शब्द जसेच्या तसे लिहावेत असे मी सांगितले:

"तू मेल्यावर माका गाडी? मेल्यावर मी कोणाक हरवू? तुझ्या फोटोक? तवसर माझे हात कापतले, डोळे जातले. दितलंस तर आत्ता दी. तू समोर आसतानाच तुझ्याच गाडयेन तुका हरवतंय, तर गाडयेचा सोना झाला."

मी फळीवरून तांबोशी उतरवली. तुळसाच्या हातात ती ठेवताना माझी बोटे सुटेनात, तिने एक एक करून सोडवली. मग मी चुलीमागची जुनी निळी गाडी घेतली. महादू भावजी फेऱ्या मोजायला बसले. वकीलबाईंनी रस्त्याला वीज द्यायला होडीची बॅटरी जोडून दिली आणि स्वतःहून "एक, दोन, तीन" म्हणाल्या.

दहा फेऱ्या झाल्या. नवव्या फेरीपर्यंत मी पुढे होते. शेवटच्या वेळी दोन्ही गाड्या भोकात शिरल्या, पलीकडे नुसती घरघर, आणि आधी बाहेर आली ती लाल. माझी तांबोशी दुसऱ्याच्या हातात कशी पळते हे मी आज पहिल्यांदा पाहिले. अशी वळते ते मला माहीतच नव्हते. मी टाळ्या वाजवल्या.

कलम ७ रद्द. सदर गाडी देऊन झाली. या मृत्युपत्रात द्यायची गाडी उरलेली नाही. बाविसाव्या गाडीचे लाकूड महादू भावजी उद्या आणणार आहेत, तिची व्यवस्था पुढे केव्हातरी लावू.

खालील सही वाकडी आली आहे. ती हसण्यामुळे आली आहे, आजारामुळे नव्हे, हे दोन्ही साक्षीदारांनी समक्ष पाहिले.

(सही) मथुरा विठोबा तारी

साक्षीदार:
१. (सही) डॉ. दिव्या कुबल
२. (सही) गंगाराम मोंडकर, शेजारी. मीपण हसत होतो.

ठिकाण: देवगड
दिनांक: २३ ऑगस्ट २०१०, सोमवार