माझी मावशी म्हणते

अल्लीपूर, ता. हिंगणघाट
१९ जानेवारी १९८३

प्रिय बाबांना,
सप्रेम जयभीम.

नागपूरहून तुमचं पत्र पोचलं. मी बरी आहे. कमलामावशीचा खोकला उतरला, ती तूर कापायला जाते. मीही तिच्यासोबत जाते आहे. "काऊन वं, हात सोलून घेऊन राह्यली?" म्हणून ती ओरडते.

नोकरी पक्की झाली का, हे तुम्ही पुन्हा विचारलंत. आधी कामाचं सांगते.

कॅनडाची एक कंपनी आणि आपलं सरकार मिळून हा चित्रपट काढत आहेत. निम्मा खर्च सरकारचा. शिवाय कॅमेरे विमानतळावरून सोडवणं, कलेक्टरांची परवानगी, पोलीस, सगळं सरकारच बघतं. त्या बदल्यात सदाशिवराव नावाचे सरकारी अधिकारी कायम सोबत असतात, आणि परदेशी दिग्दर्शिकेशी कोणीही बोललं तरी ते सरकारी दुभाषीमार्फतच. म्हणजे माझ्यामार्फत. एखादा शब्द चुकू नये म्हणून मी रोज सकाळी शब्दकोश घेऊन बसायची. माझ्याकडून इंग्रजी पेपर वाचून घेताना तुम्ही एक शब्द गाळू द्यायचा नाहीत. ती सवय जात नाही.

एके दिवशी इथल्याच जुन्या विहिरीवर चित्रण होतं. प्रसंग सन तीसचा. आपल्या बायांनी रिकाम्या घागरी घेऊन दूर उभं राहायचं, वरच्या आळीतली कोणी येऊन पाणी ओतेपर्यंत. त्या बायांत मावशीही होती. तिने पदर खोचला.

"बाई, तिले सांगजो, माही माय अशी उभी राह्यली. मी बी राह्यली. आता सोंग म्हणून बी नाई राह्यत. पाणी काढाले सांग, काढतो."

शेजारची जिजाबाई म्हणाली, "आन् पाणी ओतनारी कोन हाय? तिलेच उभी करा उन्हात. आमी ओततो!" बाया खो खो हसल्या.

सदाशिवराव मराठीत हळूच म्हणाले, "तयार आहेत, एवढंच सांगा. दिल्लीने मंजूर केलेला प्रसंग आहे. बदलला तर करार अडकेल."

बाबा, मावशी मला 'बाई' म्हणत होती. कामावर नातं सांगायचं नाही, लोक लगेच जात ओळखतात, हे तुम्ही मला बजावलंत तसं तिलाही बजावलं होतं. ती ते पाळत होती, माझ्याकडे न बघता.

मी दिग्दर्शिकेला इंग्रजीत म्हटलं, "माझी मावशी म्हणते," आणि सगळं सांगितलं. जिजाबाईचंही. मग सदाशिवरावांचं वाक्यही. तेही मराठीतच बोलले होते.

दिग्दर्शिकेने तो प्रसंग घेतला नाही.

मला कामावरून काढलं. 'चुकीचं भाषांतर केलं' असं लिहून दिलं तर परत घेऊ, पक्कीही करू, असा सदाशिवरावांचा निरोप आहे. मी कशी आहे तुम्हाला ठाऊक आहे. शब्द न् शब्द पुन्हा तपासला. चूक सापडली असती तर लिहून दिलं असतं. सापडली नाही.

तुम्ही रागवाल याची भीती वाटते. तरी लिहून देणार नाही.

एकच मागणं. पाकिटावर 'बौद्धपुरा' लिहावं लागू नये म्हणून तुम्ही माझी पत्रं इथल्या शाळेच्या पत्त्यावर पाठवता. यापुढे मावशीच्या घरी पाठवा. पोस्टमन प्रेमदास घर ओळखतो, नुसतं नाव घातलं तरी पत्र पोचेल. तरीही बौद्धपुरा लिहा. तुमच्या अक्षरात.

कमलाबाईची भाची, आणि तुमचीच,
विशाखा