मेटिसच्या वतीनं

शनिवार, ८ ऑगस्ट

आज दुपारी सव्वाचारला माझं सगळं बदललं. आमच्या इमारतीखालच्या दगडी टेबलापाशी मंडळातल्या ऋतानं तिची एकांकिका वाचून दाखवली – इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीसाठी लिहिलेली. मेटिस. ग्रीकांची शहाणपणाची देवी. हिचा मुलगा आपलं राज्य घेईल या भीतीनं झ्यूस तिला जिवंत गिळतो – स्वतःचा नवरा! ती त्याच्या पोटात बसून सल्ले देत राहते. जग म्हणतं, काय शहाणा देव!

ती वाचत होती, मी तिच्याकडे बघत होतो. मी खलास.

झ्यूस मी करायचा. "तुला ओरडता छान येतं," म्हणाली.

मंगळवार, ११

पुण्याचं कॉलेज अर्धवट सोडून इथे परदेशात बाबांकडे येऊन सात महिने. टॅम्पिनीस, अकरावा मजला. इथे राहायचा पास बाबांच्या नोकरीवर, मला नोकरी करता येत नाही. आज कमलाकरकाका जेवायला होते – मंडळाची नाटकं तेच ठरवतात. "काय तन्मय, पुढे काय?" मी घास गिळेपर्यंत बाबांचं उत्तर – "इथेच डिप्लोमा करतोय." मलाही तेव्हाच कळलं!

रविवार, १६

मंडळाची बैठक. काका म्हणाले, "गणपतीत ग्रीक देवी कशाला गं? आपली सरस्वती काय वाईट आहे?" ऋता खाली मान घालून वहीत लिहीत होती. बिचारी! मी उठलोच. "एक शब्द बदलणार नाही! नाहीतर एकांकिका मागे!"

"बरं, मागे," काका म्हणाले. पुढचा विषय – मोदक किती.

परतताना मेट्रोत ऋता माझ्या शेजारी बसली. तिसऱ्या स्टेशनला तिनं वही उघडून धरली. सरस्वतीची नांदी, पाच ओळी. "ही सुरुवातीला म्हटली असती. काका खूश, पुढचं नाटक जसंच्या तसं. तुला कुणी सांगितलं रे माझ्या वतीनं बोलायला?"

उतरून गेली. वळली नाही.

सोमवार, १७

फोन उचलत नाही.

बुधवार, १९

तिला वाचवत वगैरे नव्हतो मी. तिच्यापुढे शूर दिसायचं होतं, बस. बाबांवर कुठल्या तोंडानं चिडू? आणि या घरात मी थांबलोय कशाला – डिप्लोमासाठी? तिच्यासाठी. तिला विचारलंय कधी?

शनिवार, २२

पुण्याचं तिकीट काढलं, परवाचं. कॉलेज पुरं करणार. बाबांनी तिकीट दोनदा वाचलं. मग – "आणि ऋताचं काय?"

"तिचं तिला विचारा, बाबा."

एकांकिकेचं ऋतालाच विचारा, हे काकांनाही सांगायला निघालोय. बाबा म्हणाले, निदान चहा घेऊन जा. नको. ही डायरी इथेच ठेवतो, बाहेर पडतो, दार ओढून घेतो.