उतरून येण्याचा नवस

झेरमाट, २ ऑगस्ट २०२५

ती. दैवशाला आत्यास, सा. न.

घडलं ते असं:
१. पहाटे वाटाड्या आणि मी, एका दोरावर, मॅटरहॉर्न चढायला निघालो.
२. माथा पावणेपाचशे मीटर उरला असताना, वाटेतल्या झोपडीपाशी आम्ही ठरल्या वेळेनंतर पोचलो.
३. नियमाप्रमाणे वाटाड्याने मला परत फिरवलं.
४. मी धडधाकट आहे.

डोंगर मात्र मनातून उतरत नाही. खालून एकसंध सुळका दिसतो. हात लावला की सगळा सुटा दगड. १८६५ साली सातजण पहिल्यांदा माथ्यावर पोचले. उतरताना दोर तुटला, चौघे गेले. तो दोर इथल्या संग्रहालयात आहे. दोरांची ताकद तपासणं हे माझं रोजचं काम, तरी त्या काचेपुढून हलवेना. त्याच दिवशी पलीकडून चढणारा इटालियन वाटाड्या माथ्यावर माणसं पाहून परत फिरला. तीन दिवसांनी तोही पोचला. मला तो जास्त आवडतो.

बाबांना तूच सांग. फोनवर त्यांचं गप्प होणं मला झेपत नाही.

तुझी अर्पिता

टेंभुर्णी, ५ ऑगस्ट

चि. अर्पितास, आत्याचा पोटभर आशीर्वाद.

त्या दिवशी तुझा फोन लागंना. दादा, तुझा बाप, म्हणला, पोरगी वर पोचली, म्हणूनच लागत न्हाई. मंग जल्दीनं बॅनर छापून आणला, मॅटरहॉर्न सर करणारी टेंभुर्णीची कन्या. बराबर चौकात लावलाय. पंधरा ऑगस्टला झेंड्यापाशी दादाचा सत्कार हाय. मोबाईलवर आलेलं तुझं पत्र वाचून दाखवलं, तर म्हणतो, इथून कोण चाललंय मोजायला? सर झालाच समज, पुन्हा जायचं काम न्हाई.

मी देवीला वर जायचं बोलल्तेच न्हाई. नवस होता तू उतरून येण्याचा. नारळ फोडून आले. तिथं भाकर मिळती का, का नुसता पाव खाऊन राह्यलीस?

आत्या

झुरिक, ७ ऑगस्ट

ती. आत्यास, सा. न.

इतकं नेमकं मागणं मला जमलं नसतं.

वाटाड्या म्हणाला, पाय चांगले आहेत, वेग वाढव, पुढच्या उन्हाळ्यात ये. मला जायचं आहे. पण बाबांचा होकार नसेल तर मी पाऊल टाकणार नाही. आणि शिखर चौकात आधीच सर झालं असेल, तर होकार कशासाठी मागू?

त्यांना म्हणावं, बॅनर फाडू नका. उतरवून घडी घालून ठेवा. पुढच्या वर्षी लागेल.

तुझी माया आहे तेवढी पुरते. कमी मात्र करू नकोस. बाबांनी बॅनर उतरवला की नाही, ते मंगळवार, १२ ऑगस्टपर्यंत कळव. त्या दिवशी मला वाटाड्याला उत्तर द्यायचं आहे.

अर्पिता